तीस झाडांची मोजणी

सप्टेंबर सरत आला तरी आभाळ उघडायचं नाव घेत नव्हतं. वाढोण्याच्या शिवारात पंचवीस दिवस पाऊस लागून होता. जोराचा नव्हे, नुसता भुरभुर. पण संत्र्याला हाच पाऊस भोवतो. फळ देठाशी पिवळं पडतं आणि हात न लावता खाली येतं. वामनराव डेहनकरांच्या बागेत सकाळी जाऊन बघावं, तर झाडाझाडाखाली फळांचा सडा पडलेला असायचा.

वामनरावांची सून कामिनी आणि बायको रुखमाबाई, दोघी सकाळपासून गळलेली फळं वेचत होत्या. घमेली भरायची, बांधावरच्या खड्ड्यात रिकामी करायची आणि वरून माती ओढायची. नाहीतर कीड पुन्हा झाडावर चढते. खोडांच्या बुंध्याशी, कलमाच्या खालून, जंभेरीच्या खुंटाचे काटेरी फुटवे आले होते. त्यांनी हात ओरबाडले जात, मग फुटक्या सालीचा रस त्या ओरखड्यांत उतरून झोंबे. रुखमाबाईनं लुगड्याचा पदर नाकाला बांधला होता.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं मोटारसायकल आली. कामिनीचा नवरा अमोल चालवत होता आणि मागे उन्मेष बसला होता. उन्मेष नागपूरचा, उभ्या बागा ठोक्यानं घेणारा व्यापारी. वय तिशीचं, पण बोलणं मुरलेलं. चिखलात बूट भरू नयेत म्हणून तो बागेत फार आत आला नाही. रस्त्याला लागून असलेल्या ओळींतून दहा झाडं त्यानं पाहिली, एकदोन फांद्या हलवल्या आणि रुमालानं हात पुसले.

"दोनशेच्या वर नाई बसत एका झाडाले," तो म्हणाला. "साडेचारशे झाडं. म्हणजे नव्वद हजार फळ. त्यातही गळ सुरूच आहे."

वामनराव विहिरीकडून काठी टेकत येत होते. गुडघ्याचं दुखणं जडून दोन वर्षं झाली होती, पण आवाज शाबूत होता.

"दोनशे? तुह्या डोयात फूल पडलं का गा? सहाशे आहे झाडाले! मी रोज पाह्यतो."

उन्मेष हसला. "काका, रोज पाह्यता म्हणूनच तुमाले जास्त दिसते."

हे वाक्य वामनरावांना लागलं. चाळीस वर्षं आजूबाजूच्या पाच गावांतली माणसं त्यांना अंदाज लावायला बोलावत. झाडाभोवती एक फेरी मारून ते आकडा सांगत आणि तोड झाल्यावर तो आकडा दहावीस फळांनी हुकला तरी स्वतःवरच चिडत. आता हा पोरगा त्यांच्याच बागेत उभा राहून असं बोलला आणि अमोल मान खाली घालून चिखल तुडवत राहिला.

संध्याकाळी जेवताना अमोलनं मनातलं बोलून टाकलं.

"बाबा, नव्वद हजार फळासाठी वर्षभर चौघांनी राबाचं? फवारणी, पाणी, टेकू. मले नाई परवडत. नागपुरात हुडकेश्वरले माह्या दोस्तानं पाइपाचं दुकान टाकलं, तो मले बोलावून राहिला. दसरा झाला का जेसीबी बोलावतो. बाग काढून टाकू. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर देऊ."

वामनरावांचा घास हातातच राहिला. "झाडाले सहाशे फळ असताना बाग काढतं?"

"सहाशे कोठं आहे? उन्मेषनं डोयासमोर पाह्यलं."

"अन् मी आंधळा आहो?"

कामिनी पोळ्या लाटत होती. ती नागपूरची, गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात मुनीम असलेल्या बापाची मुलगी. बी.एस्सी.ची दोन वर्षं संख्याशास्त्र घेऊन शिकली आणि मग लग्न झालं. हुडकेश्वरचं नाव निघालं की तिच्या मनात काहीतरी हलायचं, हे खोटं नव्हतं. तिथून माहेर अर्ध्या तासावर आलं असतं. पण ही बागही आता तिच्या हातापायांत भिनली होती. काय हवं ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. एक मात्र तिला सकाळपासून टोचत होतं.

"त्यानं कोणते दहा झाडं पाह्यले?" तिनं विचारलं.

"कोणते म्हणजे?" अमोल म्हणाला.

"रस्त्याच्या बाजूचे. म्हणजे नाल्याच्या बाजूचे. तिथं महिनाभर पाणी साचून आहे." ती थोडी थांबली आणि सासऱ्यांकडे न बघता पुढे म्हणाली, "आणि मामाजी, तुमचा गुडघा दुखते म्हणून तुम्ही विहिरीजवळच्या चौदाव्या-पंधराव्या ओळीतूनच फिरता. तिथली जमीन उंच आहे. खतही तिथंच जास्त पडते."

वामनरावांनी घास परत ताटात ठेवला.

"तो खोटं नाई बोलला, तुम्हीही नाई बोलत," कामिनी म्हणाली. "दोघांनी जे पाह्यलं ते बरोबरच सांगितलं. पण बाग कोणीच नाई पाह्यली."

रुखमाबाई वरणाच्या भांड्यात पळी घालत म्हणाली, "वरण ढवळल्याबगर चाखलं तं पाणीच लागन ना. त्यात काय एवढं?"

कामिनीला हसू आलं. दोन वर्षं वर्गात बसून जे कळलं ते सासूनं पळीवर आणून ठेवलं होतं.

"तेच म्हणते मी. आपण मोजू. सारी बाग नाई, तीस झाडं. पण कोणती तीस, हे आपण ठरवाचं नाई. चिठ्ठी ठरवीन."

"तिसात साडेचारशेचं काय कळते?" वामनराव म्हणाले.

"निवडून घेतले तं दोनशेतही नाई कळत. न निवडता घेतले तं तिसात बरंच कळते."

अमोलनं हात धुतले. "मोजा बापा. जेसीबीले अजून पंधरा दिवस आहे."

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली. कामिनीनं डब्यात चुना कालवला आणि नाल्याकडच्या पहिल्या झाडापासून खोडावर आकडे घालायला सुरुवात केली. पंधरा ओळी, एका ओळीत तीस झाडं. वाकून वाकून कंबर धरली. ओल्या सालीवर चुना ओघळायचा, मग चिंधीनं पुसून पुन्हा लिहायचं. झालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रुखमाबाईनं तोवर जुन्या वहीची पानं फाडून साडेचारशे चिठ्ठ्या केल्या, कामिनीनं त्यावर आकडे घातले आणि सगळ्या घमेल्यात टाकून हातानं खालीवर केल्या.

पहिली चिठ्ठी निघाली तीनशे सतरा. अकराव्या ओळीतलं झाड, चांगलं लदलेलं, तीन बांबूंचे टेकू दिलेलं. वामनराव खूश झाले. दुसरी निघाली चव्वेचाळीस. नाल्याकडची दुसरी ओळ. झाडाचे शेंडे वाळून काटक्या झाल्या होत्या आणि खोडातून डिंक वाहत होता. फळ औषधालासुद्धा नव्हतं.

"हे मेलेलं झाड कायले मोजते?" वामनराव म्हणाले. "त्याच्या बाजूचं घे. पंचेचाळीस बरं आहे."

"नाई मामाजी." तिनं वहीत लिहिलं, चव्वेचाळीस, शून्य.

"शून्य कोणी मोजते का वं?"

"शून्य सोडलं तं बाग आहे त्यापेक्षा चांगली दिसन. आपल्याले चांगली नाई, खरी पाह्यजे."

तिसरी चिठ्ठी एकशे अठ्ठावीस. पुन्हा नाल्याकडचीच, पाचवी ओळ. साठ-सत्तर फळं, तीही पिवळी पडायला लागलेली. वामनरावांनी काठी चिखलात रोवली.

"मले समजलं. तुले जाचंच आहे हुडकेश्वरले. म्हणून तुह्या हाताले तशाच चिठ्ठ्या लागून राहिल्या."

रुखमाबाई "अवं माय" म्हणून तोंडाला हात लावून उभी राहिली. कामिनीचे कान तापले. सकाळपासून वाकून तिच्या पाठीचं लाकूड झालं होतं, नखांत चुना भरला होता आणि वर हे. काल संध्याकाळी मनात हललेलं तिला आठवलं आणि म्हणूनच शब्द जास्त खोल गेला.  घमेलं उचलून तिनं सासऱ्यांच्या पुढ्यात धरलं.

"घ्या. उरलेल्या सत्तावीस तुम्ही काढा. डोळे मिटून काढा. मी हात नाई लावत."

वामनरावांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग काठी बगलेत धरली, डोळे मिटले आणि हात घातला. निघाली नऊ. पहिली ओळ, अगदी नाल्याच्या काठावर.  पुढची चारशे दोन. त्यापुढची दोनशे छप्पन्न. एकेक चिठ्ठी ते कामिनीला वाचायला देत गेले आणि ती लिहीत गेली. शेवटी बघितलं तर अकरा झाडं नाल्याकडच्या पाच ओळींतली आली होती, एकोणीस बाकीच्या दहांतली.

मोजायला तीन दिवस लागले. एकटीच्या मोजण्यावर कामिनीचा भरवसा नव्हता, म्हणून एक झाड दोघींनी वेगवेगळं मोजायचं ठरलं. मोजून झालेल्या फांदीला चिंधी बांधायची आणि पुढच्या फांदीकडे जायचं. कामिनी शिडीवर चढून वहीत रेघा मारी. रुखमाबाईला लिहिता येत नव्हतं, पण विसा मोजण्यात तिचा हात कोणी धरला नसता. वीस फळं झाली की एक खडा ओटीत. झाड संपलं की खडे मोजायचे. मान वर करून करून दोघींच्या मानेच्या शिरा ताठल्या. पानांवरचं पाणी बाह्यांतून काखेपर्यंत उतरे. लाल मुंग्या मानेवर चढत.

तीनशे सतरा नंबरच्या झाडाला कामिनीचे पाचशे बारा आले आणि रुखमाबाईचे चारशे शहात्तर. दोघींनी पुन्हा मोजलं. या खेपेला पाचशे चार आणि पाचशे आठ.

"मघा एक फांदी राह्यली माह्याकडून," रुखमाबाई म्हणाली. "पानाआड होती. हिरवं फळ, हिरवं पान."

वामनरावांनी पहिल्या दिवशी विहिरीवरच बसून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काय वाटलं कोण जाणे, ते उठले आणि काठी टेकत नाल्याकडे निघाले. कामिनी शिडीवरून बघत होती. गुडघा आखडला की ते थांबत, झाडाला हात लावत, पुन्हा चालत. पाचवी ओळ, चौथी, तिसरी. चिखलात त्यांचा पाय घोट्यापर्यंत रुतला. एका झाडापाशी त्यांनी खाली बसून बुंध्याजवळची माती उकरली, मुळी ओढून काढली. मुळीची साल हातात आली, आतून काळी. बराच वेळ ते ती बोटांत धरून बसले होते.

परत आले तेव्हा कामिनीनं शिडीवरून उतरून त्यांना पाणी दिलं.

"दोन वर्षं झाले मी तिकडं नीट पाह्यलं नाई," ते म्हणाले. "अमोल सांगत होता. मले वाटे, पोरगं आळशी आहे, म्हणून बाग वाईट सांगते."

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कामिनी वही घेऊन ओसरीवर बसली. अमोलही घरी होता.

"झाडामागं सरासरी तीनशे पासष्ट," तिनं सांगितलं. "साऱ्या बागेत एक लाख चौसष्ट हजार फळ. एकोणतीस हजार कमी किंवा जास्त."

"हे काय झालं?" अमोल म्हणाला. "एकोणतीस हजार कमी की जास्त? एक आकडा सांग ना."

"एक आकडा सांगितला तं तुम्हाले बरं वाटन, पण ते खोटं होईन. मी तीसच झाडं पाह्यली. दुसरे तीस निघाले असते तं आकडा थोडा हलला असता. किती हलला असता, ते या तिसांतल्या फरकावरून काढता येते. एक लाख पस्तीस हजाराच्या खाली अन् एक लाख त्र्याण्णव हजाराच्या वर जाणं कठीण आहे."

"कठीण म्हणजे? जाऊच शकत नाई?"

"जाऊ शकते. अशी मोजणी शंभर जणांनी केली तं पाचेक जणांची जाईन."

अमोल वहीकडे बघत राहिला. नव्वद हजार त्या आकड्यांच्या आसपाससुद्धा नव्हते. वामनरावांच्या सहाशेंच्या हिशोबानं होणारे दोन लाख सत्तर हजारही नव्हते. त्यानं बापाकडे पाहिलं. वामनराव बशीतला चहा फुंकत होते.

"अजून एक आहे," कामिनी म्हणाली. "नाल्याकडच्या झाडांची सरासरी एकशे चाळीस. बाकीची पाचशेच्या जवळ. बाग बिमार नाई. पाच ओळी बिमार आहे. तिथं पाणी अडते."

अमोलनं वही स्वतःकडे ओढून ते पान पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे जेसीबीनं बाग काढाची नाई. चर खोदाचा."

"ते तुम्ही दोघं ठरवा," कामिनी म्हणाली. "मी फक्त मोजलं."

वामनरावांनी बशी खाली ठेवली. "नाल्याच्या अंगानं, तीन फूट खोल. उतार मी दाखवतो."

चार दिवसांनी उन्मेष परत आला. अमोलनं त्याला वही दाखवली. त्यानं पानं उलटली आणि वही झटकल्यासारखी परत केली.

"वहिनी, संत्रं कागदावर लागत नाई. मी धा वर्षांपासून बागा घेऊन राहिलो."

"मंग तुम्हीच मोजा," कामिनी म्हणाली. "घमेलं आणते, चिठ्ठी तुम्ही काढा. जे झाड निघन ते."

सगळ्यांसमोर नाही म्हणणं त्याला जड गेलं. त्यानं चार चिठ्ठ्या काढल्या. एक नाल्याकडची निघाली, तीन आतली. बूट काढून, पँट दुमडून तो आत गेला. चौथ्या झाडापाशी पोचेपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. चार झाडांची सरासरी आली चारशे वीस.

अमोलचा चेहरा उजळला. "पाह्यलं? चारशे वीस!"

"चार झाडांवर जाऊ नका," कामिनी लगेच म्हणाली. "चार फार कमी आहे. यात शंभर-दोनशेचा फरक सहज पडते. मी तीनशे पासष्टच धरते."

उन्मेषनं मान वर केली. आतापर्यंत तो तिला घासाघीस करणारी बाई समजत होता. स्वतःच्या फायद्याचा आकडा हातात आलेला असताना तिनं तो सोडून दिला, हे त्याला नवं होतं. तो बांधावर बसून पाय पुसत राहिला.

"ठोक्यानं नाई घेत मंग," शेवटी तो म्हणाला. "तोडीच्या वेळी नगावर घेतो. जेवढं निघन तेवढं. तुमचा आकडा खरा निघाला तं तुमचं नशीब, नाई तं माहं."

"नशिबाचं काई नाई त्यात," कामिनी म्हणाली. "नगावर बरोबर आहे."

भाव अमोलनं ठरवला. वामनराव मध्ये बोलले नाहीत.

दसऱ्यानंतर आभाळ निवळलं आणि थंडी पडायला लागली. जेसीबी आला. वामनराव दिवसभर त्याच्यासोबत काठी टेकत चालले आणि ड्रायव्हरवर ओरडत राहिले. चर झाला त्या संध्याकाळी साचलेलं पाणी गढूळ होऊन नाल्यात उतरायला लागलं, ते बघायला घरचे चौघं काठावर उभे होते. नोव्हेंबरात फळांवर रंग चढला. तोडीला लहानूची टोळी आली, बारा माणसं. शिड्या लागल्या, कात्र्यांचा कचकच आवाज दिवसभर घुमू लागला. फळं क्रेटमध्ये मोजून भरायची, क्रेटवर खडूनं आकडा टाकायचा. कामिनी आणि उन्मेषचा माणूस समोरासमोर बसून वहीत उतरवायचे आणि संध्याकाळी दोन्ही वह्या ताडून बघायचे.

आठव्या दिवशी दुपारी शेवटचा क्रेट भरला. लहानू गमछ्यानं तोंड पुसत आला, "झालं वहिनी. झाडावर आता पानच राह्यले."

कामिनीनं बेरीज केली. पुन्हा खालून वर केली. रुखमाबाई तिच्या खांद्यावरून वहीत बघत होती, जणू तिला वाचता येत होतं.

"एक लाख एक्कावन्न हजार दोनशे चाळीस."

अमोल एकदम हसला, तोडीवाल्यांच्या घोळक्याकडे गेला आणि लहानूच्या पाठीत त्यानं थाप मारली. वामनराव खाटेवर बसले होते. त्यांनी सुनेला जवळ बोलावलं.

"तुहा आकडा किती होता?"

"एक लाख चौसष्ट."

"म्हणजे तेरा हजारानं चुकली."

"त्यातले काही मोजल्यावर गळले असतीन, मामाजी. अन् एकोणतीस हजारांपर्यंत चुकीन, हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

वामनरावांनी मनाशी हिशोब केला. त्यांचा स्वतःचा आकडा सव्वा लाखाच्या जवळ हुकला होता. बोटांवर मोजताना अंगठा मध्येच थांबला तो कामिनीनं पाहिला. मग ते हसायला लागले, आधी हळू, मग खोकला लागेपर्यंत.

"पंचाहत्तर वर्षांत लई चुकणारे पाह्यले. किती चुकीन ते आधी सांगून चुकणारी तूच पहिली."

रुखमाबाई म्हणाली, "आता सांग बाप्पा साऱ्या गावाले."

"सांगीनच." त्यांनी काठी घेतली आणि उठले. "चाल वं कामिनी. वही घे. नाल्याकडच्या पाच ओळी पाहू. कोणतं झाड ठेवाचं, कोणतं काढाचं, ते आजच पाहून घेऊ. थंडीत नवी कलमं सांगून ठेवा लागतीन."

कामिनीनं पेन्सिल कानामागे खोचली. "चिठ्ठ्या करू?"

"चिठ्ठ्या कायले?" वामनराव चालता चालता म्हणाले. "दीडशे झाडं तं आहे. अन् इथं अंदाज नाई लावाचा, एकेका झाडाचा निकाल लावाचा आहे. सारेच पाहू."

ती क्षणभर थबकली. मग पावलं उचलून त्यांच्या बरोबरीनं चालायला लागली. पहिल्या झाडापाशी वामनराव थांबले, गुडघ्यावर हात देऊन खाली बसले आणि बुंध्याजवळची माती उकरू लागले.

"लिही," ते म्हणाले. "एक नंबर. मुळी पांढरी आहे. हे जगते."